आज काय जमेल?

"कशी आहेस?" असं कुणी कुणाला विचारलेलं कोठीच्या बाईंना खपत नसे. कामावर रुजू झाले त्या सकाळी मी रीत म्हणून सगळ्यांना तेच विचारत फिरले. बाई स्वयंपाकासाठी तांदूळ काढून देत होत्या. हातातलं माप तसंच धरून त्यांनी मला विचारलं, "तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मग विचारून करणार काय? कोण कसं आहे ते ज्याच्या त्याच्या तोंडावर दिसतंय. काय जमेल ते विचार. त्याचा आपल्याला उपयोग आहे."

मला त्या अतिशय उद्धट वाटल्या. पुढे त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली, पण हे मत बदलावं असं काही घडलं नाही. उद्धट त्या होत्याच.

लोणावळ्याला खंडाळ्याच्या अंगाला आमचं आरोग्यधाम होतं. विषमज्वरातून उठलेले, छातीने नाजूक, डॉक्टरांनी घाटावरची हवा सांगितलेले असे मुंबईचे खाऊनपिऊन सुखी लोक तिथे महिना-दोन महिने येऊन राहत. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. धान्य, चादरी, स्वयंपाकघर, धुलाई आणि या सगळ्यात राबणारी माणसं, असा सारा पसारा कोठीत येई आणि कोठी बाईंच्या ताब्यात होती. माझं अक्षर बरं आणि हिशेब चोख, म्हणून मला त्यांच्या मदतीला घेतलं होतं.

बाई उंच, हाडापेराने मोठ्या. नऊवारी लुगडं आणि त्याखाली गमबूट. ते गमबूट कुणी इंजिनिअर रोगी विसरून गेला होता. बाईंना ते मोठे होत, म्हणून पुढे चिंध्या कोंबलेल्या. पावसाळ्यात कुणी काही म्हटलं नसतं, पण बाई ते वैशाखातही घालत. देवळात गेल्या तर काढायला वेळ लागतो म्हणून पायरीखालूनच हात जोडत आणि देवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "इथूनच हं." तपकीर ओढत, आणि स्वतः शिंकल्या की आसपासच्या माणसाकडे रागाने बघत. त्या विधवा की नवऱ्याने टाकलेल्या, माहेर कुठलं, सासर कुठलं, कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा नव्या आलेल्या रोग्याच्या बायकोने चौकशी केली, "बाई, तुम्ही कुणाच्या?" बाई म्हणाल्या, "कोठीच्या."

आभार मानलेले त्यांना मुळीच चालत नसत. बरं होऊन घरी निघालेली माणसं लुगडं, मिठाई, काही ना काही घेऊन कोठीशी येत. बाई ते दारातूनच परत करत. "आभार हवेचे माना. मी तुम्हाला वरणभात घातला, तो घरीही मिळतो." माणूस ओशाळून निघून जाई. मग बाई मला सांगत, "याला अजून पंधरा दिवस ठेवायला हवा होता. फार हळवा झालाय."

पण मी त्यांच्याविषयी लिहायला बसले ती या विक्षिप्तपणासाठी नव्हे. त्यांनी कामाला ठेवलेल्या माणसांसाठी.

लोणावळ्यातली धडधाकट माणसं रेल्वेत जात, नाहीतर शेठलोकांच्या बंगल्यांवर. आमच्या कोठीत धडधाकट म्हणावेत असे आम्ही मोजकेच, मी आणि आचारी धरून. बाकी प्रत्येकाला काही ना काही जन्माचं लागलेलं. धोंडूआबा घाटातल्या इंजिनावर कोळसा टाकता टाकता दम्याने बसले आणि 'अनफिट' होऊन घरी आले. सरूमावशीचे सांधे धरलेले. उन्हं ओसरीवर येईपर्यंत तिची बोटं उघडत नसत. गणपतला एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप येई, गेला गेला म्हणेपर्यंत परत येई. बाईंना हे सारं ठाऊक असे आणि ठाऊक असूनच त्या घेत. कुणी विचारलं तर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं: "आजार म्हणजे काय वहाण आहे, दाराबाहेर काढून आत यायला?"

सकाळी पाणी तापवायच्या बंबाजवळ, मागच्या ओसरीवर सगळे जमत. बाई तपकीर ओढून एकेकाकडे बघत आणि एवढंच म्हणत, "आज?"

"आज निम्मा हाय," धोंडूआबा म्हणत.

"निम्मा म्हणजे बसून की उभ्याने?"

"बसून. आन् बोलायचं न्हाई."

"बोलायला तुम्हाला कोण सांगतंय? शेंगा सोला. सरू, तुझं?"

"बोटं अजून निजल्यात, बाई."

"उठली की चादरी शिव. तोवर दूधवाल्यासमोर जाऊन बस. कालपासून पाणी घालतोय. गणपत?"

"आज माझा तापाचा वार."

"मग आलास कशाला?"

"सांगाया."

"शहाणा आहेस. जा, पड जाऊन. उद्या दोन्ही दिवसांची लाकडं फोड."

आचाऱ्याला हे बघवत नसे. एकदा तो म्हणाला, "आम्ही रोज सगळं करायचं आणि यांनी जमेल तेवढं?"

"तुला जमत नाही असं एक सांग. तुलाही सूट देते."

आचाऱ्याने बराच विचार केला. "वांगी चिरायला नको वाटतं."

"ते जमत नाही नव्हे, आवडत नाही. चीर."

कामचुकार माणसाचा त्यांना राग नव्हता. तो पकडता येतो, म्हणत. राग होता तो "सगळं जमेल" म्हणणाऱ्याचा. गणपत एकदा ताप अंगात घेऊन लाकडं फोडायला उभा राहिला तेव्हा बाईंनी त्याला जे झाडलं, ते रोग्यांच्या खोल्यांपर्यंत ऐकू गेलं. "तू मेलास तर मला नवा माणूस शिकवावा लागेल," हा त्यातला सौम्य भाग.

दुसरा नियम असा की कोठीत कुणी एकट्याने काम करायचं नाही. एकाची ताकद आणि दुसऱ्याचे डोळे, अशी जोडी. कुणाची जोडी कुणाशी, कुणाची वेळ कोणती, कोणत्या ऋतूत कुणाला कशापासून लांब ठेवायचं, हे सगळं बाईंच्या डोक्यात. माझा स्वभाव यादीचा. हे असं तोंडी चाललेलं मला बघवेना. मी एक सुरेख तक्ता केला: नाव, आजार, कामाची वेळ, जमणारी कामं, न जमणारी कामं. बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला, अक्षर चांगलं आहे म्हणाल्या, आणि बंबात घातला.

"नावापुढं रोग लिहिला की लोक नाव वाचत नाहीत," त्या म्हणाल्या.

हे मला तेव्हा पटलं नाही. पण कोठीत तसा तक्ता मी पुन्हा केला नाही.

हौसा आली ती डोक्यावर मोळी घेऊन. पवन मावळातल्या डोंगराकडच्या एका वाडीतली, पंचविशीची, रुंद खांद्याची. नवऱ्याने माघारी पाठवलेली होती, भावाकडे राहत होती. लाकडं विकायला मावळभर हिंडे. आमच्या मागल्या दारात तिने मोळी उतरवली आणि तशीच आडवी झाली. हातपाय झाडायला लागली, तोंडाला फेस. आचारी चप्पल हुंगवायला धावला. बाईंनी त्याच्या हातातली चप्पल काढून अंगणात भिरकावली, हौसाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःच्या पदराची घडी दिली आणि तशाच मातीत बसून राहिल्या. झटका ओसरला. हौसाने डोळे उघडले आणि लाजून उठायला लागली.

"काय काम येतं तुला?" बाईंनी विचारलं.

"समदं येतं, बाई."

"सगळं कुणाला येत नाही. एक सांग."

हौसाने आपल्या हातांकडे पाहिलं. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता. ती म्हणाली, "पिळाया येतं."

आरोग्यधामात रोजच्या चादरी, टॉवेल, पंचे म्हणजे ढीग असे, आणि लोणावळ्याच्या हवेत कपडा वाळणं हे सगळं पिळण्यावर. हौसा ओल्या चादरीचं एक टोक खांबाला बांधायची, दुसरं मुठीत धरायची आणि असा पीळ द्यायची की धोबीघाटावरचे पुरुष बघत राहत. बंब, चूल आणि विहीर इथे तिने फिरकायचं नाही, एवढीच अट. तिची जोडी लावली धोंडूआबांशी. आबांनी कठड्यावर बसून तिच्याकडे लक्ष ठेवायचं. पण आबांना दम्याने ओरडता येईना, धावता येईना. म्हणून बाईंनी त्यांना एक पितळी थाळी आणि लाकडी दांडका दिला. हौसा पडली की आबांनी थाळी वाजवायची. वाजली की जवळ असेल त्याने हातातलं टाकून यायचं.

यातून एक घोटाळा झाला. नव्या रोग्यांना वाटे, जेवणाची थाळी. हौसाला महिन्यातून एक-दोनदा झटका येई आणि दर वेळी दोघे-तिघे पंचा सावरत जेवणघरात हजर होत. "आज लवकर?" ते विचारत. बाई म्हणत, "हो. पण जेवण उशिरा आहे." आणि खरोखर त्यांना पाऊण तास ताटकळत बसवत.

हौसा मागच्या खोलीत सरूमावशीबरोबर राहू लागली. तिने स्वतःच्या कमाईची हिरवी लुगडी घेतली, एकासारखी एक. एकदा मी तिला म्हणाले, सणाला घरी जाऊन ये. ती म्हणाली, "नगं. घरी मला कुनी कायबी करू देत न्हाई. हितं मला काम सांगत्यात." डॉक्टर तिला औषधाच्या पुड्या देत. आमचे डॉक्टर भले माणूस होते. कोठीतल्या प्रत्येकाला ते गुपचूप औषध देत आणि वर म्हणत, "मला यातलं काही माहीत नाही हं, बाई." बाई म्हणत, "तुम्हाला काय माहीत आहे, ते मला माहीत आहे." हे असं काही वर्षं नीट चाललं. कोठीतलं एकही काम आजारपणापायी अडलेलं मला आठवत नाही आणि मी लक्षात ठेवणारी बाई आहे.

मग एका हिवाळ्यात विश्वस्तांपैकी एकांच्या आई येऊन राहिल्या. हे विश्वस्त मुंबईत वकिली करत, त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. आईसाहेब नव्या होत्या. थाळी वाजली तेव्हा त्या जेवणघर शोधत निघाल्या आणि वाट चुकून धुलाईच्या चौकात आल्या. तिथे हौसा फरशीवर पडलेली, तोंडाला फेस, आणि सरूमावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. आईसाहेब किंचाळल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुंबईला तार गेली.

वकीलसाहेब आले ते रागावून नव्हे. मी हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे त्यांना दुष्ट ठरवणं फार सोपं होतं. मऊ बोलणारे, विचारी गृहस्थ. कोठीत खुर्चीवर बसले, डॉक्टर शेजारी उभे.

"बाई, आई घाबरली एवढंच. मला कुणावर राग नाही. त्या बाईला काय होतं?"

"फेफरं येतं."

"आणि तरी तिला कामावर ठेवलंय?"

"कामावर असते म्हणून तर जवळ कुणीतरी असतं."

वकीलसाहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "मला याची नीटशी कल्पना नव्हती." बाईंनी डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं आणि त्यांना सोडून दिलं.

"तिला दुसरीकडे कुठे..." वकीलसाहेबांनी सुरुवात केली.

"तुम्ही माझ्याबरोबर या," बाई म्हणाल्या. "या तर खरं. बघा आणि मग बोला."

इथे बाई चुकल्या. त्यांना वाटलं, माणसाला दाखवलं की कळतं. आयुष्यात कुणाला काही समजावून न सांगणाऱ्या बाई त्या दिवशी तासभर बोलत होत्या. गमबूट आपटत पुढे चालत होत्या आणि वकीलसाहेबांना एकेकाशी नेऊन उभं करत होत्या. हे धोंडूआबा, यांना दमा, पहाटे यांच्याकडून काही होत नाही, दहानंतर बसून सगळं होतं. ही सरू, संधिवात, हिच्या हातची शिवण बघा, पण दुपारची. हा गणपत, एक दिवसाआड ताप, म्हणून याचं काम एक दिवसाआड, पण दुप्पट. ही हौसा, हिच्या मनगटाचा जोर बघा. हौसा, पीळ ती चादर. हौसाने पिळली. वकीलसाहेब खरोखर बघत राहिले. त्यांनी नेमके प्रश्न विचारले. कुणाचं काम किती अडतं, बदली माणूस कोण, औषधाचं कसं. बाईंनी एकही उत्तर राखून ठेवलं नाही. जो तक्ता त्यांनी बंबात घातला होता, तो त्या दिवशी त्या तोंडाने वाचून दाखवत होत्या, नाव आणि रोग, नाव आणि रोग. त्यांना अडवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

"विलक्षण आहे," वकीलसाहेब म्हणाले. "मुंबईतल्या मोठमोठ्या ऑफिसांत अशी व्यवस्था नाही, बाई."

बाई लाजल्या. मी त्यांना लाजलेलं ते एकदाच पाहिलं. त्यांनी वकीलसाहेबांना स्वतः चहा करून दिला. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "बघ. चांगल्या माणसाला उगीच लपवाछपवी करून वाईट करतो आपण."

पंधरवड्यात पत्र आलं. पत्रातही वकीलसाहेब चांगलेच होते. कोठीच्या शिस्तीची तोंडभर स्तुती होती. पुढे असं होतं की, ही संस्था आरोग्यासाठी आहे आणि इथे येणाऱ्यांचा विश्वास राहावा म्हणून यापुढे सर्व नोकरांची डॉक्टरांकडून तपासणी व्हावी. जुनाट रोग असलेल्यांना, त्यांच्याच हितासाठी, कामाच्या श्रमांतून मोकळं करावं. शेवटी, ही सगळी माहिती मोकळ्या मनाने दिल्याबद्दल बाईंचे आभार मानले होते.

बाईंनी मला ते पत्र दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा आभारांपाशी आल्यावर म्हणाल्या, "पुरे."

तपासणी ओसरीवरच झाली. डॉक्टरांनी नळी छातीला लावली तेव्हा धोंडूआबा म्हणाले, "डागदर, तुमीच तर मला औशीद देत व्हता. आता काय आयकताय?"

"म्हणूनच मला खोटं लिहिता येत नाही, आबा," डॉक्टर म्हणाले आणि मान खाली घालून त्यांनी खरं ते लिहिलं. सगळ्यांविषयी खरं लिहिलं.

बाई मुंबईला गेल्या. गमबूट घालूनच गेल्या. वकीलसाहेबांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की ही माणसं बरी झाली की एकेकाला आपण परत घेऊ. बाई म्हणाल्या, "ती बरी होणार नाहीत. काम होईल." वकीलसाहेब म्हणाले, "बाई, हीच तर अडचण आहे." परत आल्यावर बाईंनी मला एवढंच सांगितलं आणि कोठीच्या किल्ल्या मागून घेतल्या.

शेवटच्या दिवशी सरूमावशी रडली, गणपत शिव्या देत गेला. तो त्याचा तापाचा वार होता. धोंडूआबा थेट स्टेशनच्या वाटेला लागले. हौसा बोचकं घेऊन बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, माजं काय चुकलं?"

"पडलीस."

"पडते तर मी आदीपासनं."

बाईंनी तिच्या बोचक्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधून दिली.

नवी माणसं आली, दाखला घेऊन आलेली, धडधाकट. ती न सांगता गैरहजर राहत आणि न सांगताच काम सोडून जात. चादरी ओल्या राहू लागल्या. संस्थेच्या त्या सालच्या अहवालात 'आपला सर्व नोकरवर्ग निरोगी आहे' असं वाक्य छापून आलं. मला वाटत होतं, बाई राजीनामा देतील. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं.

"मी गेले तर त्यांना आणखी एक निरोगी बाई मिळेल," त्या म्हणाल्या. "एवढी सोय मी करणार नाही."

राहिल्या. सकाळी ओसरीवर तपकीर ओढत, माणसांकडे बघत, आणि काहीही न विचारता कामं वाटून देत. विचारायचं काय, सगळ्यांना सगळं जमत होतं. आज ती कोठी मी सांभाळते. नव्या माणसाकडून पहिल्यांदा दाखला मागते. नियम आहे.

त्याच वर्षी पाऊस सरल्यावर एक दिवस बाई मला म्हणाल्या, "हौसाकडे जाऊन येऊ." सकाळच्या गाडीने कामशेत, तिथून बैलगाडी, गाडीवाट संपल्यावर बांधावरून पायी. दोन्ही बाजूंनी भात पिवळं पडायला लागलं होतं. पायांखाली चिखल होता आणि त्या दिवशी एकदाचे बाईंचे गमबूट कुणालाही विचित्र दिसले नसते. एक ओढा ओलांडून आम्ही वाडीत पोचलो. हौसाच्या भावाचं घर टोकाला होतं. दारात त्याची बायको विळ्याला धार लावत बसली होती.

हौसा आत होती. मधल्या खांबापाशी बसलेली. तिच्या कमरेला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक खांबाला.

मी दारातच थबकले. बाई आत गेल्या. मागून भावजय आली. ती ना घाबरली ना शरमली. "आमी समदी रानात जातो, बाई," ती म्हणाली. "मागं हिच्यापाशी कोन हाय? जेठात चुलीत पडली. पावसात वढ्याला गेली ती पान्यात पडली, गुराख्यानं बघितली म्हनून वाचली. आता दोरी लावती मी. लुगडं गुंडाळून लावती, काचू नये म्हनून. बगा की."

बाईंनी वाकून पाहिलं. दोराला खरोखर मऊ कापड गुंडाळलेलं होतं. ते हिरवं होतं.

"हितं बरं हाय, बाई," हौसा म्हणाली. "पोटाला मिळतंय. वैनी मारत न्हाई."

"आणि काम?"

"काम कुटलं? बसायचं."

बाईंनी तिचं मनगट हातात घेतलं आणि सोडलं. त्या मनगटात काही उरलं नव्हतं. मग त्या घरभर बघू लागल्या, कोठीत नव्या मालाकडे बघत तशा.

"दळण कोण करतं?"

"मीच," भावजय म्हणाली. "पहाटं उटून. दुसरं कोन?"

जातं पलीकडच्या कोपऱ्यात होतं. बाई खांबापासून जात्यापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. "दोर एवढा वाढव," त्या म्हणाल्या. "जात्यापर्यंत पोचेल, चुलीपर्यंत नाही."

भावजय त्यांच्याकडे बघत राहिली. "मला वाटलं, सोडाया सांगशाल."

"सोडलं आणि तू रानात गेलीस, तर बघेल कोण?"

भावजयीने आडावरचा जुना दोर आणून जोडला. गाठ बाईंनी स्वतः तपासली. हौसा उठली, कोपऱ्यापर्यंत गेली, मागे वळून दोर किती उरतोय ते तिने पाहिलं आणि जात्यापाशी पाय पसरून बसली. भावजयीने सुपातून नाचणी दिली. पहिले काही फेरे अडखळत गेले, मग जातं लागलं. "मूठ लहान घाल," बाई म्हणाल्या. "पीठ जाड पडतंय." हौसा हसली. भावजय विळा घेऊन रानात निघून गेली. तिला उशीर झाला होता. आम्हीही निघालो.

वाडीच्या बाहेर आलो तोवर जात्याची घरघर ऐकू येत होती. मग ती थांबली. बाई त्याच वाटेने माघारी फिरल्या, चिखल उडवत, जवळजवळ धावत. मी मागोमाग. हौसा धडधाकट बसली होती, हात मांडीवर. "सरलं, बाई," ती म्हणाली. बाईंनी भावजयीची कणगी कुणाला न विचारता उघडली, सूप काठोकाठ भरलं आणि तिच्यापुढे ठेवलं. पुन्हा घरघर सुरू झाली तेव्हाच त्या उंबऱ्याबाहेर पडल्या.

या वेळी ओढा ओलांडून पलीकडच्या बांधावर येईपर्यंत आवाज येत होता. मग तो थांबला. गाडीवान लांबून हात करून बोलावत होता. यानंतरची आगगाडी अंधार पडल्यावर होती. बाई वाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आम्ही दोघी ऐकत होतो. भातातून वारा जात होता, बाकी काही नाही.

"नाचणी संपली असेल," मी म्हणाले.

"असेल," बाई म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.